परक्या लेकरांची आई : क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले

ज्या माउलीच्या पोटी एकही मूल जन्मले नाही, तिला आज महाराष्ट्रातील लक्षावधी मुली माई म्हणून वंदन करतात. सावित्रीबाई फुले यांचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले आहे. बुद्धविहारात, समाजमंदिरात, शाळेच्या भिंतीवर त्यांची तसबीर असते. दरवर्षी ३ जानेवारीला हार घातला जातो, भाषणे होतात. पहिली शिक्षिका म्हणून त्यांची ओळख सर्वांना आहे. परंतु त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू तितकीशी सांगितली जात नाही. ही बाजू म्हणजे त्यांनी परक्यांची लेकरे आपली मानून वाढविली, आणि त्यासाठी भाऊबंदांचा, गावाचा व समाजाचा रोष आयुष्यभर सोसला. शाळा चालविणे व पोरकी मुले सांभाळणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती, एकच काम होते. उपासक-उपासिकांनी हे चरित्र आपल्या मुलाबाळांना समजावून सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बालपण आणि विवाह

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. घराणे माळी समाजाचे, खाऊनपिऊन सुखी. पण त्या काळी पाटलाच्या घरची मुलगी असो की मजुराच्या घरची, तिच्या हाती पाटी येत नसे. मुलगी शिकली तर घराण्याचा नाश होतो, अशी समजूत धर्माच्या नावाखाली पसरविलेली होती.

१८४० साली वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. जोतीरावांची आई चिमणाबाई ते लहान असतानाच वारली होती. आईविना पोरक्या झालेल्या त्या मुलाला सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने वाढविले. सगुणाबाई एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. तेथे शिक्षणाचे महत्त्व त्यांच्या ध्यानी आले, आणि जोतीरावांनी शिकावे म्हणून त्यांनी धडपड केली.

ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीने आपले गुरू मानले, ज्यांना १९४६ साली आपला शूद्रांविषयीचा ग्रंथ अर्पण केला, ते जोतीराव एका पालक आईने घडविले होते. जन्म दिला एकीने, माणूस केले दुसरीने. सावित्रीबाई या घरात सून म्हणून आल्या तेव्हा पालक आईची माया काय असते हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे त्यांनी जे केले त्याची बीजे येथे पडली असावीत.

पाटीपासून शाळेपर्यंत

जोतीरावांनी पत्नीला घरीच अक्षरओळख करून दिली. सगुणाबाईही त्यांच्याबरोबर शिकल्या. त्यानंतर सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि अवघ्या सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सुरुवातीस मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्याच सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठीही फुले दाम्पत्याने शाळा काढली.

ते साल डोळ्यांपुढे आणण्यासाठी आपल्या भागाचे उदाहरण घेऊ. १८४८ साली आपला हा चांदा मुलूख, ज्यात आजचा गडचिरोली जिल्हाही येतो, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तो इंग्रजांकडे गेला १८५४ साली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो तर १९८२ साली. म्हणजे आपल्या मुलखात इंग्रजी अंमल येण्याच्याही आधी पुण्यात एक स्त्री अस्पृश्य मुलांना अक्षरे गिरवायला शिकवीत होती.

याचे फळ काय मिळाले? सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या की कर्मठ लोक रस्त्यात उभे राहत, शिव्या देत, अंगावर शेण व चिखल फेकीत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत. शाळेत पोहोचल्यावर घाण झालेले लुगडे बदलीत आणि शिकवायला उभ्या राहत. घरी परतताना पुन्हा तेच. हे एक-दोन दिवस चालले नाही. पण त्यांनी शाळेची वेळ चुकविली नाही.

सनातन्यांनी मग सासरे गोविंदराव यांच्यावर दडपण आणले. अखेर १८४९ साली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. शाळा सोडा किंवा घर सोडा, असा प्रश्न पुढे उभा राहिला, तेव्हा दोघांनी घर सोडले. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या कामातील साथीदार होत्या. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेराहून पतीला लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे.

१८५१ व १८५२ या वर्षांत मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. १८५३ च्या फेब्रुवारीत या शाळांची जाहीर परीक्षा झाली तेव्हा तीन शाळांत मिळून २३७ मुली होत्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. याच शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापला गेला. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्या समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने धर्मव्यवस्थेला लेखी जाब विचारला! सावित्रीबाईंच्या शिक्षणाचे मोल याहून वेगळ्या मापाने मोजण्याची गरज नाही.

माहेरची परीक्षा

१८५६ साली आजारी पडल्याने सावित्रीबाई नायगावला विश्रांतीसाठी गेल्या होत्या. भावाने त्यांची मनापासून सेवा केली. पण बोलता बोलता त्याने मनातली सल बाहेर काढली. तुम्ही दोघे नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकले आहे. तुम्ही भटांचे ऐकावे, जातीच्या रूढीप्रमाणे वागावे, असा त्याचा सूर होता.

सावित्रीबाई आजारी होत्या, भावाच्या घरी होत्या, त्याच्या सेवेवर अवलंबून होत्या. अशा वेळी गप्प बसणे सोपे होते. त्या गप्प बसल्या नाहीत. तू गाई-शेळ्यांना माया लावतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांना मात्र अस्पृश्य समजतोस, याचे कारण काय, असा प्रश्न त्यांनी भावाला विचारला. शिक्षणाविना माणूस पशूसारखा होतो हेही त्याला समजावले. भाऊ खजील झाला. हा सर्व वृत्तांत त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना कळविला आहे.

आपल्यापैकी अनेक घरांना अशी परीक्षा द्यावी लागली आहे. धम्मदीक्षेनंतर घरातले देव काढताना सोयरेधायरे रुसले, लग्नकार्यात बोलावणे बंद झाले. बाहेरच्या शत्रूशी लढण्यापेक्षा जिव्हाळ्याच्या माणसाला सत्य सांगणे अवघड असते. सावित्रीबाईंनी ते भावाचा हात न झिडकारता केले. सत्य सांगताना नाते तोडले नाही आणि नात्यापायी सत्यही सोडले नाही.

पस्तीस माता, पाच लेकरे

आता त्यांच्या मातृत्वाकडे वळू. त्या काळी ब्राह्मणांत बालविवाह होत आणि मुली लहान वयातच विधवा होत. पुनर्विवाहाला बंदी. अशी विधवा घरातल्याच कोणाच्या वासनेला बळी पडली की तिच्यापुढे दोनच वाटा उरत, आत्महत्या किंवा नवजात बालकाची हत्या. पाप करणारा पुरुष मात्र उजळ माथ्याने वावरत असे.

१८६३ साली फुले दाम्पत्याने आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेने येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी व्यवस्था होती. पुण्यात तशी पत्रकेही लावली. बाळंतपण करणे, बाळंतिणीची देखभाल, बाळाचे दूधपाणी ही सारी कामे सावित्रीबाईंकडे असत. ज्या जातीतील कर्मठांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले, त्याच जातीतील अभागी मुलींची बाळंतपणे त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. वैराने वैर शमत नाही ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. सावित्रीबाईंच्या घरात ती रोजच्या कामात दिसत होती.

१८८४ साली जोतीरावांनी या कामाची माहिती लिहून दिली आहे. त्यानुसार तोवर पस्तीस गरोदर विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांपैकी पाच तेव्हा हयात होती. हा आकडा वाचून मन सुन्न होते. एकवीस वर्षांत पस्तीस बाळंतपणे आणि जगलेली मुले पाच. लपूनछपून दिवस काढलेल्या, भीतीने खंगलेल्या मातांची ती मुले होती, आणि आईच्या दुधाविना तान्हे मूल जगविणे त्या काळी फार कठीण होते. म्हणजे सावित्रीबाईंनी किती वेळा मांडीवर घेतलेले मूल गमावले असेल! तरीही त्यांनी दार बंद केले नाही. पुढची अभागिनी आली की पुन्हा पाणी तापविले, पुन्हा बाळाला अंगाशी धरले. त्या घराचे थोरपण या चिकाटीत आहे.

या गृहात जन्मलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दाम्पत्याने १८७४ साली दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. मूल होत नाही म्हणून जोतीरावांनी दुसरे लग्न करावे, असा नातलगांचा आग्रह होता. तो जोतीरावांनी मानला नाही. त्याऐवजी, ज्याला समाज पापाचे फळ म्हणत होता ते लेकरू त्यांच्या घरचे वारस झाले.

गाव, दुष्काळ आणि पोरकी मुले

१८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी सावित्रीबाई नायगावला असताना एक भयंकर प्रकार घडला. गणेश नावाच्या ब्राह्मण तरुणाचे सारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम जडले होते व ती गरोदर होती. गावकरी दोघांना मारहाण करीत ठार मारण्यास निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या. इंग्रज सरकार खुन्यांना सोडणार नाही, हे बजावून त्यांनी दोघांचे प्राण वाचविले आणि त्यांना गाव सोडून जाऊ द्यायला लोकांना भाग पाडले. मग त्यांनी दोघांना पुण्याला जोतीरावांकडे पाठविले. २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात हा प्रसंग आला आहे. जातीबाहेर प्रेम केल्याबद्दल तरुण मुलामुलींचे खून पाडल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात, तेव्हा एकट्या स्त्रीने जमावापुढे उभे राहण्याचे मोल कळते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला या समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला, भटजीविना आणि हुंड्याविना. त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. आज आपण भटजीला न बोलावता बौद्ध पद्धतीने विवाह लावतो. त्या वाटेवरचे पहिले काटे या लोकांनी वेचले आहेत.

१८७६-७७ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून जात होती, जनावरे माळावर मरून पडत होती, मुले पोरकी होत होती. धनकवडी येथे बालाश्रम काढून अशा मुलांच्या अन्नाची सोय करण्यात आली. सावित्रीबाई व त्यांच्या सोबतच्या स्त्रिया तेथे राबल्या. जुन्नर भागात सत्यशोधक कार्यकर्त्यांना सावकारांच्या कागाळीवरून पकडण्यात आले, तेव्हा सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरची भेट घेऊन त्यांना सोडविले. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे सर्व कळविले आहे. नवरा पुण्यात आणि बायको दुष्काळी गावांत, असा तो संसार होता.

टिटवे कोणी धरावे?

यशवंत शिकून डॉक्टर झाला. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी ग्यानोबा ससाणे यांची कन्या राधा ऊर्फ लक्ष्मी हिच्याशी त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. लग्नापूर्वीच सावित्रीबाईंनी या भावी सुनेला आपल्या घरी आणून ठेवले, तिला शिकण्यास वाव दिला, घराची ओळख करून दिली. सासू झाल्यावरही त्या शिक्षिकाच राहिल्या.

१८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. आधीच सार्वजनिक कामात पैसा खर्च झालेला, आता आजारपण. मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक आहे, असा अभिप्राय दिला आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरविले होते. तरीही अंत्ययात्रेच्या वेळी भावकीने वाद काढला. टिटवे धरण्याचा अधिकार दत्तक मुलाला नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या हाती टिटवे त्याचा वारसा, हा त्यामागचा हिशेब होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले, अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि पतीच्या चितेला स्वहस्ते अग्नी दिला. ज्या काळात विधवेने तोंड लपवून घरात बसावे अशी रूढी होती, त्या काळातली ही घटना आहे. रक्ताचा मुलगा की सांभाळलेला मुलगा हा वाद त्यांनी त्या एका कृतीने निकालात काढला.

पुढे सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी सांभाळले. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९५ साली सून लक्ष्मीचा मृत्यू झाला. हे दुःखही त्यांनी पचविले.

शेवटचे लेकरू

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. लोक घरे सोडून माळरानावर पळत होते. आजाऱ्याला शिवायला सख्खे नातलग तयार नव्हते. सावित्रीबाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसर परिसरात ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. एकुलत्या एका मुलाला कोणती आई प्लेगच्या तोंडी बोलावून घेईल? पण त्यांच्या लेखी माळावर तडफडणारी मुलेही त्यांचीच होती.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्या अस्पृश्य मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या यशवंताला त्यांनी बालपणी मृत्यूच्या दारातून उचलून घेतले होते, त्यानेही पुढे प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असताना १९०५ साली देह ठेवला. आईची शिकवण मुलाने अशी सांभाळली.

वारसा आपल्यापर्यंत

सावित्रीबाई गेल्या तेव्हा आपल्या विदर्भात उमरेडची एक मुलगी जेमतेम पाच वर्षांची होत आली होती. तिचे नाव जाईबाई. पुढे ही मुलगी नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करू लागली. एका मिशनरी बाईंनी तिला शिकविले, शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली, पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि नोकरी गेली. या जाईबाई चौधरींनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. पुण्यात पेटलेली ज्योत अशी आपल्या दारापर्यंत आली.

आता आपण काय करावे? आपल्या भागात रोवणीच्या दिवसांत, मोहफुले वेचताना, तेंदूपानांच्या हंगामात आईबाप पहाटेच घर सोडतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला घरी ठेवले जाते. तिची शाळा बुडते ती कित्येकदा कायमची. मेलेल्या भावाची, विधवा बहिणीची मुले कित्येक घरांत राहतात. घासभर अन्न त्यांना मिळते. पण स्वतःच्या मुलाला वही आणि सांभाळलेल्या मुलीला खराटा, असा भेद जेथे असेल, तेथे सावित्रीमाईच्या तसबिरीला हार घालण्यात अर्थ नाही.

म्हणून येत्या ३ जानेवारीला एक करावे. विहारात जमल्यावर आपल्या वस्तीत अशी किती लेकरे आहेत याची नावे लिहून काढावीत. कोणाचे नाव शाळेच्या पटावर नाही, कोणाकडे दप्तर नाही, कोणाला हंगामात घरी बसावे लागते, हे पाहावे आणि एकेका घराने एकेका लेकराची जबाबदारी उचलावी. हंगामात वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्या माउलीने चार घरांची धाकटी मुले सांभाळली, तरी चार मुली शाळेत जातील. करुणेचा पाठ सावित्रीमाईंनी आधी स्वतःच्या घरात घालून दिला. तो पाठ पुढे चालविणे आता आपल्या हाती आहे.